अल्कॉयमध्ये आधी बाही बघतात

गिरणीची चिमणी आहे, धूर नाही.

नदीला आता पाण्याचाच रंग.

आईचा उजवा कान मागांच्या खडखडाटात गेला. ती अजून लाडही ओरडूनच करते.

माझी वलेन्सियाची बस रविवारी सकाळी.

शुक्रवारी पुलावर वारा होता. समोरून येणाऱ्याची टोपी उडाली, मी पकडली, आणि परत देताना... सवयीनं त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून चोळून पाहिली.

"हे काय चाललंय?"

"माफ करा. आमच्याकडे आधी कापड बघतात, मग तोंड."

"मग तोंड कधी बघणार?"

बघितलं. दमलेलं होतं. माझ्यासारखंच.

तो ब्येइतो. गालिसियाहून आलेला, इथल्या संगीतशाळेत क्लॅरिनेट शिकवायला. मी रेमे. पाहुण्यांना बंद पडलेली गिरणी दाखवायचे. ती नोकरी त्याच दिवशी संपली होती. इथे लोकर पिंजत, इथे रंगवत, इथे संप झाला, पुढे चला... बोलून बोलून जीभ झिजली होती. आता वलेन्सियात हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं. मागे एकासाठी गावात थांबले होते, तर तोच निघून गेला. आता कुणी 'थांब' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, असं ठरवलेलं.

ब्येइतोला गिरणी दाखवली नाही. पुलाखालच्या पायऱ्यांवर बसून साखरेत घोळलेले बदाम खाल्ले.

"मी येतोय आणि तू निघालीस. ही कुठली रीत?"

"गावाची. जागा मोकळी ठेवत नाही."

"कापड कसलं ते तरी सांग."

"नाही सांगत."

"इतकं वाईट?"

"खा बदाम."

शनिवारी आईनं त्याला जेवायला बसवलं. बाही धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "चिंध्यांचं सूत! आपल्याकडचंच! जुनं पिंजून नवं विणलेलं. ऊब देतं, पोरा, पण ओढू नकोस, फाटतं!"

"एकदा फाटून झालंय, मावशी," तो हळूच म्हणाला.

आईला ऐकू आलं नाही. मला आलं.

रविवारी माझी बॅग त्यानंच उचलली. बस उभी होती.

"थांब म्हणणार नाहीये मी," तो म्हणाला. "दमलीयेस तू. दमलेल्या माणसाला अडवू नये."

"दमलेल्या माणसाला — बस तरी म्हणावं."

"बाई," ड्रायव्हर ओरडला, "चढताय, की इथेच संसार मांडताय?"

ब्येइतोनं बॅग खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

"थांब ना, रेमे..."

मी त्याची बाही धरली. या वेळी कापड बघायला नाही.

बस गेली.

येत नाही, असं मी हॉटेलला शुक्रवारी संध्याकाळीच कळवलं होतं.