सात नंबर

नेब्रास्कातल्या त्या भागात डेप्युटी शेरीफचं निम्मं काम म्हणजे रस्त्यावर आलेल्या गाई कुंपणात हाकणं. कोलीन वाशेक तेच करत होती. तेवढ्यात गाडीतल्या वायरलेसवर मार्वलबाईंचा आवाज आला. ऑफिसात बसून सगळ्या डेप्युटींना कामं त्याच सांगत.

"पोरी, गाई राहू दे. एमेट स्टोल्झ पुन्हा घरातून निघून गेलाय. पायात सपाता, अंगात नुसता सदरा."

बर्फ भुरभुरत होतं, दिवस कलला होता. म्हाताऱ्या एमेटला आता स्वतःचं नावही धड आठवत नसे. अंधारापूर्वी सापडला नाही तर थंडीने संपलाच.

फाट्यावर वाऱ्याने एमेटच्या पावलांचे ठसे पुसून टाकले होते. तिने अंदाजाने गाडी नदीकडे वळवली.

वायरलेस खरखरला. आता आवाज पुरुषाचा होता. "सात नंबर... पवनचक्कीपाशी... लवकर ये, पोरी."

कोलीनने करकचून ब्रेक दाबला. वायरलेसवरचा सात नंबर ऑरिन लुंडचा. हे काम तिला त्यानेच शिकवलं होतं. त्याला पुरलं त्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, मार्वलबाईंनी वायरलेसवर सात नंबरला तीनदा हाक मारली होती. ओ आली नाही. तो नंबर नंतर कुणालाच दिला नाही.

"मार्वलबाई... ऐकलंत?"

"ऐकलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्याने कधी तुला चुकीच्या रस्त्याला लावलं होतं का गं?... जा."

पवनचक्कीखाली, गुरांच्या हौदाच्या आडोशाला एमेट बसला होता. वारा सुयांसारखा टोचत होता, पण म्हाताऱ्याचे हात चक्क उबदार होते.

"एकटेच बसलात, आजोबा?"

"एकटा कशाला? गप्पा मारत होतो. मेला तेच तेच विनोद सांगतो!"

कोलीन हसली, आणि तिचे डोळे भरून आले. तिने त्याला मागच्या सीटवर बसवलं. तो आपणहून कडेला सरकला, जागा करून दिल्यासारखा.

एमेटच्या घराशी गाडी थांबताच त्याची मुलगी रडत धावत आली. कोलीनने म्हाताऱ्याला उतरवून तिच्या स्वाधीन केलं, गाडीचं दार लावलं. ती दोघं घरात गेली.

टक टक.

कैद्यांसाठी म्हणून त्या गाडीची मागची दारं आतून उघडत नाहीत. कुणाला तरी बाहेरूनच उघडावी लागतात.

टक टक. आतून. अगदी सबुरीने.

"थांबा, ऑरिन..." कोलीन कुजबुजली, "उघडते."

तिने दार उघडलं. सीट रिकामी. पण अंगाने भरलेला माणूस उतरावा, तशी गाडीची मागची बाजू जराशी वर उचलली गेली.

आणि मग, पुन्हा एकदा, त्याच्यामागून आणखी कुणी उतरावं तशी.