आबांचा डावा हात

हसनाबादेत लकव्याला कुणी लकवा म्हणत नसे. अंगावरून वारं गेलं, एवढंच म्हणायचे. आणि दुखणं वाऱ्याचं म्हटल्यावर इलाजही ठरलेला. माणसाला खोलीत निजवायचं, दारा-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, कबुतर कापून त्याचं ऊन ऊन रक्त लुळ्या अंगाला चोळायचं. गिरिजाबाई अशीच कोंडलेल्या खोलीत गेली. तिची लेक प्रभावती तेव्हा नर्सिंगच्या परीक्षेला बसली होती. ती घरी पोचली तेव्हा माय गार पडली होती आणि भिंतीला पिसं चिकटली होती.

म्हणून मोठ्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी तिचे वडील तातेराव, म्हणजे आबा, तोंड धुताधुता डाव्या अंगावर कोसळले, तेव्हा प्रभावतीनं कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. बदनापूरच्या दवाखान्यात आता ती नर्स होती आणि नशिबानं त्या दिवशी माहेरी आली होती. भाऊ भिवाला हाताशी धरून तिनं आबांना ज्वारीच्या ट्रकमध्ये घातलं आणि थेट जालना गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या उजव्या बाजूची रक्ताची नळी तुंबली. ब्लडप्रेशर होतंच ना?"

होतं की. तिनंच गोळ्या आणून दिल्या होत्या. पण बरं वाटायला लागल्याबरोबर आबांनी त्या कोनाड्यात टाकल्या. मिठाचा ठेचा आणि तंबाखू मात्र बिलकुल सुटली नाही. आपल्याकडे बरं वाटणं म्हणजेच बरं होणं, त्याला काय करता!

आबा जगले. घरी आणल्यावर प्रभावतीनं रजा टाकली आणि पहिल्यांदा खिडक्या उघडल्या. शेजारची सत्यशीलाकाकू पाटीखाली झाकून कबुतर घेऊन आली, तर हिनं ते अंगणात सोडून दिलं.

"आन् हात न्हाई हलला तं?" काकूनं विचारलं.

"हलंल."

सगळी गल्ली त्या हाताकडे डोळे लावून बसली. हा हात हलला तर उद्या दुसऱ्या कुणाची माय कोंडली जाणार नाही, हे प्रभावतीला पक्कं ठाऊक होतं. रोज ती आबांचा खांदा फिरवायची, कोपर वाकवायची, एकेक बोट उघडून मिटायची. हात निव्वळ ओला कपडा. टाचणी टोचली तरी आबांना पत्ता नसे.

आबा ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचे. डावीकडची भाकरी तशीच राहायची, जणू ती वाढलीच नव्हती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की अशा रोग्याला आपली एक बाजू आठवत नाही, हातसुद्धा परका वाटतो. त्यामुळे एका दुपारी आबा म्हणाले, "ह्यो हात माझा न्हाई," तेव्हा ती हसली.

"मंग कुणाचा, आबा?"

"तुझ्या मायचा. वळखू येत न्हाई का?"

भिवा ताटावरून उठला. तिनं त्याला बाहेर नेऊन नीट समजावलं. त्याला पटलं नाही, पण परत ताटावर येऊन बसला बिचारा.

दुसऱ्या दिवशी आबा घोरत असताना ती त्यांची चादर सारखी करायला वाकली, आणि तो डावा हात उचलला गेला. तिच्या डाव्या गालावरून वरून खाली सावकाश फिरला. मग खाटेच्या लाकडावर बोटं दाबली गेली आणि कडाकडा मोडली.

अलाबला. शाळेला निघताना दृष्ट लागू नये म्हणून माय रोज घ्यायची तशी.

आबा घोरतच होते. तिनं टाचणी टोचून पाहिली. हात मेलेलाच होता. स्नायू आपोआप ओढले जातात, पुस्तकात आहे, असं तिनं मनाला सांगितलं. पुस्तकात गाल कुरवाळण्याचं काही नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी चुलीपुढे जाऊन ती पोटभर रडली. मायेचा हात तो, कुणाला नको असतो?

मग हे रोजचंच झालं. ती खाटेच्या कुठल्याही बाजूला बसो, हात तिचीच डावी बाजू शोधायचा. गाल, खांदा, दंड, बोटांपर्यंत. मग बोटं मोडायची. दिवसागणिक आवाज वाढत चालला.

"ती माझ्यासाठी न्हाई आल्ती, परभे," आबा एकदा म्हणाले. "तुझ्यासाठी आलीय."

"बरं बरं. गोळी घ्या आधी."

तिनं बदनापूरहून आणलेल्या यंत्रावर अख्ख्या गल्लीचं ब्लडप्रेशर तपासलं होतं, सत्यशीलाकाकूचंसुद्धा. स्वतःच्या दंडाला तो पट्टा कधी बांधला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! डोकं ठणकायचं, ते ती उन्हावर ढकलायची.

एका सकाळी आबांनी तिला हाक मारली. डावा अंगठा हलत होता. मग तर्जनी. आबा स्वतः बघून बघून हलवत होते.

"माझा हाय ह्यो," आबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "परभे, माझा हाय."

सत्यशीलाकाकू दारातूनच बघून गेली आणि गल्लीभर सांगत सुटली. भिवानं गुळाचा चहा केला. प्रभावतीला आनंदानं बोलवेना. ती खाटेपाशी कप घेऊन बसली.

"मंग मायचा हात कुठं गेला?" भिवानं चेष्टेत विचारलं.

आबा हसले नाहीत. ते प्रभावतीकडे बघत राहिले.

"अक्का," भिवा म्हणाला, "चहा सांडून राह्यलाय. हातावर."

तिनं खाली पाहिलं. मांडीवर कुणाचातरी हात पडला होता, चहानं भाजून लाल झालेला.

कुणाचा का असेना, भाजलाय बिचारा, म्हणून तिनं तो उजव्या हातानं हळूच उचलला आणि आबांच्या खाटेवर ठेवला.