हनुवटी जरा वर

फ्यूजरावांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक, आणि ती ते घ्यायची नाही. एकदा शेजारणीची इस्त्री दुरुस्त करताना त्यांनी अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले, तेव्हा गल्लीनंच त्यांचं हे बारसं केलं. माणूस मात्र कलाकार. दाराची कडी हातात दिली तर तिच्यातूनही बातम्या लावतील.

बायको नाच शिकवायची. तिच्या वर्गातल्या मुलींच्या कार्यक्रमात वादळाचा नाच होता, आणि त्यासाठी तिला तो लुकलुकणारा दिवा हवा होता. त्याच्या उजेडात नाचणारी माणसं क्षणाक्षणाला पुतळ्यासारखी थिजलेली दिसतात, तो. बाजारातून आणतील तर ते फ्यूजराव कसले! सासऱ्यांच्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश कपाटात होता. त्यालाच लुकलुकायला लावायचं त्यांनी ठरवलं.

"बाबांचा?" बायकोनं फ्लॅश पदरानं पुसला. सासरे फोटोग्राफर. जन्मभर लोकांचे फोटो काढले, स्वतःचा एकही काढू दिला नाही. ते गेल्यावर तिच्याकडे राहिला तो हा फ्लॅश.

"घ्या," शेवटी ती म्हणाली. "पण जळाला, तर माझं माहेर संपलं म्हणून समजा."

"अगं, माझ्यावर भरवसा नाही?"

"तुमच्यावर आहे हो. तुमच्या हातांवर नाही."

आता फ्लॅशच्या पोटात एक जाडजूड कंडेन्सर असतो. तो वीज घोट घोट पितो आणि एका दमात ओकतो. तो काढून तिथं चिमुकला बसवायचा. मग उजेड थोडा कमी पडतो, पण लागोपाठ पडतो, आणि काचेची नळी तापून फुटत नाही. फ्यूजरावांना हे पाठ होतं. पण हाव वाईट! उजेड कसा दणदणीत हवा, म्हणून त्यांनी चिमुकला जोडला आणि जाडोबालाही तसाच ठेवला. बायकोला अर्थातच बोलले नाहीत.

भर दुपारी सासऱ्यांच्या बंद स्टुडिओत काळे पडदे ओढले. बाहेर भाजीवाला ओरडत होता, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. फ्यूजरावांनी बटण दाबलं.

कुंईऽऽ... टक्. कुंईऽऽ... टक्.

बायको नाचू लागली. टक्, हात वर. टक्, गिरकी. टक्, पाय हवेत. फ्यूजराव स्वतःवरच खूश! मग त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक उजेडात तिची हनुवटी आधीपेक्षा जराशी वर गेलेली दिसते. कोपऱ्यातून फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास येऊ लागला. बाटल्या तर केव्हाच फेकल्या होत्या.

टक्. ती नाचायची थांबली होती.

"अहो..." अंधारातून तिचा आवाज आला. "हनुवटी सोडा ना."

फ्यूजरावांनी अंधारात बटण चाचपलं.

"मी... मी इथं आहे गं. बटणापाशी."

टक्. ती ताठ उभी होती, मान किंचित तिरकी. फोटोला बसलेल्या माणसासारखी.

त्यांनी प्लगच उपटला. काळोखात दिवा आणखी एकदा, अगदी सावकाश, उजळला. मग विझला.

पडदे उघडल्यावर त्यांनी फ्लॅश खोलला. नळी फुटलेली असणार, या भीतीनं डोळे अर्धे मिटूनच. नळी गारेगार होती! जाडोबाची तार कुणीतरी सफाईनं कापली होती, टोकाला फिल्मच्या रोलचा काळा कागद गुंडाळला होता आणि वर पांढऱ्या दोऱ्याची गाठ.

"ही गाठ मी नाही मारली," फ्यूजराव पुटपुटले. "मी सोल्डर करतो."

बायकोनं गाठ पाहिली. मग खुदकन हसली, डोळे मात्र भरलेले.

"बाबांना कुठं सोल्डर करता यायचं? दोऱ्यानंच बांधायचे सगळं. आणि प्रत्येकाची हनुवटी दोन बोटांनी उचलायचे."

तिच्या हनुवटीखाली औषधाचे दोन पिवळट डाग उमटले होते. ते जायला आठवडा लागला, आणि तिलाही काही घाई नव्हती.

कार्यक्रम झोकात झाला. फ्लॅश आजही धडधाकट आहे, बायको सुखात आहे, आणि फ्यूजराव तिच्यापासून काही लपवत नाहीत. फक्त सकाळी आरशासमोर उभं राहून गळ्याला वस्तरा लावला, की त्यांच्या हनुवटीखाली दोन गार बोटं येतात आणि ती हलकेच वर उचलतात.

अशा वेळी ते अजिबात हलत नाहीत.