बाबूरावांच्या झाकीची सीडी

लाइट यायला वेळ आहे, तो दिवा जरा इकडे सरकवा. आणि आधीच सांगतो, भूतबीत मी मानत नाही. मी आवाज मानतो. या रेकॉर्डिंगच्या धंद्यात माझे केस पिकले. कुठला आवाज कुठून येतो हे मला बसल्या जागी कळतं, आणि नाही कळलं तर मी वायर धरून शोधून काढतो.

तेव्हा राजेंद्र नगरात वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ नवा होता. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात मॉल उठत होते आणि मिलचे भोंगे केव्हाच बंद पडले होते. अनंत चतुर्दशीच्या सकाळी बाबूराव काका धापा टाकत जिना चढून आले. हे मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि मिलच्या भजन मंडळीचे गायक. मिलला टाळं लागलं तरी कामगार वर्गणी काढून दरवर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत झाकी, म्हणजे गाडीवर सजवलेला देखावा, काढत. त्या मिरवणुकीत प्रत्येक मिलच्या झाकीचा नंबर ठरलेला असतो. एक वर्ष झाकी निघाली नाही की नंबर गेला. तो परत मागून मिळत नाही.

“झाकी तो तैयार है, श्रीहरी बेटा,” काका म्हणाले. “पण वाजवणार कोण? ढोलकीवाला पंढरीनाथ गेला, पेटीवाला कृष्णराव गेला, झांजवाला शाम तर यंदा होळीला गेला. मंडळीतला मीच एक उरलोय. सुना है, तुझा कंप्यूटर सगळं वाजवतो?”

“सगळं वाजवतो, काका. दुपारपर्यंत सीडी तुमच्या हातात.”

ही शेखी नव्हती. काम येत होतं मला.

काकांचं गाणं आधी घेतलं. मग कीबोर्डवर मी ढोलकी, पेटी आणि झांजा वाजवल्या. सॉफ्टवेअरमधली ही वाद्यं मुळात एकाच वाटेने बाहेर पडतात, सगळी खिचडी होऊन. झांज कमी करायला जावं तर पेटीही दबते. म्हणून प्रत्येकाला वेगळी वाट काढून द्यायची, वेगळा ट्रॅक द्यायचा. एकत्र कुटुंबात चुली वेगळ्या करतात, तसंच. मी सहा वाटा उघडल्या. तीन वापरल्या, तीन रिकाम्या राहिल्या.

काका मान डोलवत होते. मला ढोलकी जरा गढूळ वाटली, म्हणून मी तिच्या सोलोच्या बटणाकडे गेलो. ते दाबलं की बाकी सगळे गप्प होतात आणि ते एकच वाद्य ऐकू येतं. हे मी सांगताच काकांनी माझं मनगट धरलं.

“अकेली मत बजा, बेटा.”

“का?”

“आमच्या मंडळीत कुणी गेला ना, की तिरडी उचलायच्या आधी दारात त्याचं वाद्य वाजवतात. एकटंच. आधी गेलेल्यांनी त्याला न्यायला यावं म्हणून. बाकी कधी नाही. अकेली ढोलक म्हणजे... बोलावणं असतं.”

“काका, गढूळ ढोलकी लाउडस्पीकरवर गेली की नुसता कालवा होईल. नंबर टिकवायचाय ना?” मी हात सोडवून घेतला आणि बटण दाबलं.

ढोलकी एकटी वाजली. छान वाजली. आणि चौथ्या, रिकाम्या ट्रॅकवरचा, आवाज असला तरच चढणारा हिरवा दिवा हळूच वर चढला.

माइक चालू राहिला असेल म्हणून मी उठून त्याची वायरच उपटली. दिवा ढोलकीच्या मागोमाग तालात चढत-उतरत राहिला. भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि बंद खोलीत कापसाच्या धुळीचा, मशीनच्या तेलाचा वास भरत चालला होता. तरी मी पेटी एकटी वाजवून पाहिली. पाचवा दिवा चढला. झांजांना सहावा.

“पंढरी...” काका पुटपुटले. “कृष्णा... शाम्या, तू भी...”

“घाबरू नका, काका. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी...”

“मी कुठे घाबरतोय? अब सबको साथ में खोल. आलेल्यांना एकटं बसवू नये.”

मी सगळे ट्रॅक उघडले. त्या दुपारी जे भजन वाजलं, तसं मी आयुष्यात पुन्हा बनवू शकलो नाही. लगेच सीडी काढून दिली. जिन्यावर काका वळले.

“माझा आवाज अकेला नको वाजवूस. मी आहे अजून.”

“शब्द दिला, काका.” आणि तो मी पाळला.

दिवेलागणीला झाकी निघाली, आपल्या नंबरावर. ट्रॅक्टरवर जनरेटर, लाउडस्पीकर आणि माझी सीडी. काका सगळ्यांच्या पुढे चालत होते आणि मी बाजूने, छाती फुगवून. गर्दीतून “क्या बात है, भिया!” ऐकू येत होतं. चौकात वळताना वाद्यं थांबली. काकांचा आवाज तेवढा राहिला. एकटा... पूर्ण कडवंभर.

हे होऊच शकत नाही. सीडीवर सगळं मिसळलं की वेगळं निघत नाही. भाजीत पडलेलं मीठ कुणी काढून दाखवावं! वायर उलटी लागली तर कधीकधी गाणं जातं आणि वाजंत्री राहते. याच्या उलट होत नाही. लोकांना वाटलं, मुद्दाम तसं बसवलंय. टाळ्या पडल्या.

काका थबकले आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मी धावत पोचलो, तोवर ते एका दुकानाच्या ओट्यावर टेकले होते.

“झाकी रुकनी नहीं चाहिए,” ते म्हणाले. “नंबर जाईल.” मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत हळूच म्हणाले, “आलो रे... आलो.”

झाकी आम्ही थांबवली नाही. नंबर त्यांच्याच मिलचा राहिला. काका त्या ओट्यावरून उठले नाहीत.

सीडी माझ्याकडे आहे. ढोलकी, पेटी, झांजा, सगळं जागच्या जागी आहे. काकांचा एकट्याचा आवाज मात्र तिच्यावर आता कुठेच नाही. त्यांच्या ओळी कोरस म्हणतो, चौघांचा. कोरस मी घेतलाच नव्हता.