तंबोऱ्यावर वाढलेलं हाड

मिरजेत हल्ली कुणी कुणाला ‘विरजण लागलं का?’ असं विचारलं, तर ते दह्याबद्दलच असेल असं नाही. दवाखान्यांच्या या गावात जबड्यात नवं हाड वाढवायची सोय झाली, पण तिचं भलंमोठं शास्त्रीय नाव कुणाच्या तोंडी बसेना. कमरेच्या हाडातून चिमूटभर पेशी काढायच्या, मऊ लगद्यात कालवायच्या आणि झिजलेल्या जबड्यावर हिरडीखाली भरायच्या. काही महिन्यांत तिथं घट्ट हाड लागतं. लोकांनी त्याला विरजण म्हटलं आणि हळूहळू डॉक्टरही तसंच म्हणू लागले.

दस्तगीर शिकलगार याच विरजणासाठी डॉक्टर केतकी आरवाडे यांच्या खुर्चीत बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, तंबोऱ्याची जवारी लावण्यात उभा जन्म गेलेला. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं अगदी अलगद घासत जायचं, इतका की तार छेडल्यावर नुसती वाजून थांबत नाही, गुंजत राहते. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. दस्तगीरचाचांचे कान मात्र केव्हाच गेले होते. कानातल्या यंत्रातून बोलणं कळायचं, जवारी कळायची नाही. म्हणून ते तंबोऱ्याची दांडी दातांत धरायचे आणि जबड्याच्या हाडानं ऐकायचे. कितीतरी वर्षं त्यांनी असं काम केलं आणि गवयांना पत्ता लागू दिला नाही. मग दात पडले. कवळी बसवली, पण ती टेकणार मऊ हिरडीवर. सूर तिथंच जिरून जायचा.

डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचा जबडा दाखवला. दात गेले की हाडाला काम उरत नाही आणि ते झिजत जातं. चाचांचं इतकं झिजलं होतं, की नव्या दातांचे स्क्रू बसवायला जागाच नव्हती. आधी हाड वाढवायचं, मग स्क्रू, मग दात, असं त्या समजावत होत्या.

“खायचं काय घेऊन बसलाय बाई,” चाचा म्हणाले. “भाकरी कुस्करून खातो मी. मला ऐकायला आलं पाहिजे.”

विरजण भरून झालं आणि डॉक्टरांनी हनुवटीला बांधायची एक पट्टी दिली. हाडाची एक खोड असते, त्याला जसा ताण मिळेल तसं ते वाढतं. चावणं बंद असलेल्या जबड्याला तो ताण पट्टीच्या बारीक थरथरीतून मिळायचा. सकाळ-संध्याकाळ ती बांधून बसायचं, एवढंच पथ्य होतं.

चाचांनी पट्टी बांधली आणि तोंड कडू केलं. पट्टी चक्क बेसूर होती. यंत्राला कसला आलाय सूर, असं मुलगी शमीमनं परोपरीनं समजावलं, पण ऐकतील तर ते चाचा कसले. असल्या घरघरीवर आपलं हाड वाढवायचं म्हणजे फुटक्या ढोलकीवर पोराला तालीम दिल्यासारखं झालं, असं म्हणून त्यांनी पट्टी फडताळात टाकली. मग गवसणीतून मौलाभाईंचा तंबोरा काढला, दांडीवर हनुवटी टेकली आणि शमीमला तारा छेडायला बसवलं. ताणच द्यायचा ना हाडाला, मग तो सुरातला देऊ, असा त्यांचा सरळ हिशेब.

मौलाभाई म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दस्तगीरच्या दातांत पहिल्यांदा दांडी धरवली ती त्यांनीच. घोडीवर कानस फिरवत ते विचारायचे, माशी आली का रे? आणि पोराच्या जबड्यात खरंच मधमाशी शिरल्यासारखं व्हायचं, हसू फुटायचं, लाळ दांडीवर सांडायची आणि डोक्यात टपली बसायची. तेव्हा गल्लीत दिवसभर लाखेचा वास आणि ओट्यांवर वाळत घातलेले भोपळे असायचे. किती गोड दिवस होते ते! मौलाभाई गेले आणि त्यांच्या हातची जवारी पुन्हा कुणाला साधली नाही, दस्तगीरचाचांनासुद्धा नाही. आता रोज दोन्ही वेळा तोच सूर जबड्यात उतरत होता आणि चाचा डोळे मिटून भावाशेजारी बसलेले असायचे.

हाड मात्र झकास लागलं. डॉक्टर खूश झाल्या, तंबोऱ्याचं श्रेय पट्टीला मिळालं आणि चाचा मिशीत हसले. स्क्रू बसले, जखम भरली, दात आले.

पहिला तंबोरा आला तो कोल्हापूरच्या एका गायिकेचा. चाचांनी दांडी दातांत धरली, शमीमनं तार छेडली आणि चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जवारी इतकी सुरेख उघडली होती, की कानस दोनदा फिरवून त्यांनी ती खाली ठेवली. झालं म्हणाले.

शमीम घुटमळली. तिला ऐकू येत होतं ते वेगळंच होतं.

“अब्बा, बंद वाटतोय आवाज. तार नुसती ठक्क वाजतेय.”

चाचा भडकले. तुला काय कळतंय जवारीतलं, इथपर्यंत बोलून गेले. शमीम दुकानातला एक कोरा तंबोरा घेऊन आली, ज्याच्या घोडीला अजून कानस लागलीच नव्हती. चाचांनी तो दातांत धरला. त्यातही तीच जवारी वाजली, हुबेहूब मौलाभाईंची, आणि मग मात्र त्यांनी दांडी दातांतून सोडली.

दवाखान्यात त्यांनी पट्टीची गोष्ट कबूल केली. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यांनी जबडा पुन्हा पडद्यावर घेतला. नव्या हाडाचे थर त्या एकाच सुराच्या लयीत बसले होते. दुसरा कुठलाही सूर आत शिरला, की हाड आधी ओळखीच्या सुरालाच ओ देत होतं. चावायला उत्तम, ऐकायला खोटं. हे खरवडून पुन्हा विरजण भरू, या वेळी पट्टीच बांधा, असं त्यांनी सांगितलं. पट्टीला सूरच नाही, म्हणून ते हाड खरं ऐकेल.

घरी येऊन चाचांनी शमीमला मौलाभाईंचा तंबोरा छेडायला लावला आणि कसा वाजतो ते विचारलं. तिनं छेडला, आणि तिचा चेहरा उतरला. इतके महिने दोन्ही वेळा वाजून तारांनी घोडीवर चरे पाडले होते. जवारी रोज थोडी थोडी गेली, म्हणून तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मौलाभाईंचा सूर आता चाचांच्या जबड्याखेरीज जगात कुठंच नव्हता.

चाचांनी गायिकेचा तंबोरा ओढून घेतला आणि त्याची दांडी शमीमपुढं धरली. आजवर तिला तारा छेडण्यापलीकडं काही करू दिलं नव्हतं. जवारीचं काम घरातल्या मुलींना देत नसत. तिनं जरा बिचकतच दांडी दातांत धरली. चाचांनी तार छेडली, कानस तिच्या हातात दिली, पण ती कुठं फिरवायची ते सांगायला त्यांना स्वतःला खरा सूर ऐकूच येत नव्हता.

“तूच सांग बेटा,” ते म्हणाले. “हे हाड ठेवलं तर मला मौलाभाई ऐकू येतात, तंबोरा येत नाही. काढलं तर तंबोरा येईल, मौलाभाई कायमचे जातील. तुला शिकवायला मी यातलं काय ठेवू?”