नऊ सेकंद जास्त

नांदरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘गाव सूचना’, पण चार वर्षांत त्यावर सूचना कमी आणि गुलाबाची फुलंच जास्त आली. उठल्या उठल्या दीडशे जणांना शुभ सकाळ घातल्याशिवाय काहींना चहा गोड लागत नाही, त्याला कोण काय करणार? शेवटी ह्या पावसाळ्यात प्रीतीनं ग्रुपला कुलूपच घातलं. बोलायचं फक्त ॲडमिननं, बाकीच्यांनी गप ऐकायचं. ॲडमिन तीच. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून द्यायचं काम तिचं, म्हणून हेही लचांड तिच्याच गळ्यात पडलेलं.

ती लिहीत बसायची नाही. गोदावरीकाठच्या आळीत वाचणारे मोजके, फोन कानाला लावणारे सगळे. त्यामुळे जे काय सांगायचं ते तोंडानं सांगून पाठवायचं, ही तिची रीत.

सप्टेंबरात धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तिचा नवरा राजानंद उजाडायलाच नदीवरची मोटार काढून, ती गाडीला बांधून, दुरुस्तीला शहागडला गेला होता. प्रीती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली आणि फोनमध्ये बोलली, "नदीकाठच्या घरांनी गरजेपुरतं सामान घेऊन शाळेत या. जनावरं सोडून द्या. लाईटच्या बोर्डाला हात लावू नका." बावीस सेकंद. एकदा स्वतः ऐकून घेतलं आणि पाठवून दिलं.

तासाभरात शाळा भरली. पुंजारामबाबा डोक्यावर वाकळ घेऊन आले, ते थेट तिच्यापुढेच उभे राहिले.

"पोरी, बरं झालं बाई तू मागल्या दाराचं बोल्लीस. समोरची भिंत बसली खाली. आम्ही तिकून निघालो असतो तं संपलो होतो."

"कुठलं मागलं दार, बाबा?"

"आता घ्या! तूच म्हणलीस ना, पुंजारामबाबा, मागल्या दारानं निघा म्हणून?"

म्हातारा माणूस, घाबरलेला, प्रीतीनं मनावर घेतलं नाही. गादी कुठं टाकायची ते दाखवलं आणि खिचडीचं बघायला गेली.

बाराच्या सुमारास तिनं दुसरी सूचना पाठवली. पाणी उकळून प्या, पोरं नदीकडं सोडू नका, खिचडी तयार आहे. एकोणीस सेकंद. ताटं वाढून होतात न होतात तोच गिरिजामावशी चिखलानं माखलेली शेळी ओढत फाटकातून आत आल्या, तोंडभर हसत.

"घावली बाई! तू म्हणलीस तशी बराबर पुलाजवळच्या बाभळीखाली हुती."

"मावशी, मी शेळीचं काहीच बोलले नाही."

"मंग काय शेळी बोल्ली?" पंगतीतल्या बाया हसल्या. मावशींनी पोलक्यातून फोन काढून तिच्या हातात दिला. "आईक की तुझं तूच."

प्रीतीनं आधी सेकंद बघितले. तिच्या फोनवर एकोणीस होते. मावशींच्या फोनवर त्याच सूचनेपुढे अठ्ठावीस. सकाळची सूचनाही काढून पाहिली. हिच्याकडे बावीस, तिथं एकतीस. नऊ सेकंद जास्त, दोन्ही वेळा.

तिनं सूचना लावली. तिचाच आवाज, तिचंच बोलणं, खिचडी तयार आहे इथवर. मग काहीच नाही. पट्टीवरचा ठिपका मात्र पुढं सरकत राहिला.

"हे बघ, आता बोल्लीस. गिरिजामावशी, शेळी बाभळीखाली हाय," मावशी म्हणाल्या. शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. त्यांनाही ऐकू येत होतं.

प्रीतीनं फोन कानाला दाबून धरला. तिला पावसाशिवाय काही ऐकू येईना.

घाबरली ती, चांगलीच घाबरली. पण डोकं चालवल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. कुणीतरी खोडसाळपणा केला असेल. पण ग्रुपला तर कुलूप. फोन बिघडला असेल. पण मावशींना ऐकू येतं आणि आपल्याला नाही, असा कसा बिघडेल? आता तोंड उघडायचंच नाही, नुसतं लिहायचं, असं ठरवून तिनं चार ओळी लिहून टाकल्या. अर्ध्या तासात तिघांनी वाचल्या. बाकीच्यांना पत्ता नाही.

दोन वाजता राजानंदचा फोन आला.

"निघून राह्यलो. तासाभरात येतो."

"अहो, येऊ नका! ओढ्याच्या पुलावर पाणी आलंय. तिथंच कुठंतरी थांबा."

"काय? आवाज येईना गं तुझा. आलोच."

फोन कटला. तिनं सात वेळा लावला, लागला नाही. आता लिहून काय उपयोग? गाडीवरचा माणूस वाचणार कधी? तिनं ग्रुप उघडला.

"ओढ्याच्या पुलावरून कुणीही यायचं नाही. अहो, तुम्हीही येऊ नका. शहागडलाच थांबा. माझं ऐका हो." सतरा सेकंद.

पाठवलं आणि तिच्या मनात आलं, त्या बोलणारीला भिंतीचं कळतं, शेळीचं कळतं, तर ह्यांचंही कळत असेल. सांग बाई. काय असेल ते सांग. दुपारपासून जे खोटं ठरवायला ती धडपडत होती, त्याच्याच मागं आता ती धावत वर्गात गेली.

पुंजारामबाबा भिंतीला टेकून फोन कानाला लावून बसले होते. ती समोर उभी राहिली. बाबा ऐकतच राहिले, बराच वेळ. मग त्यांनी फोन हळूच खाली घेतला.

"काय बोलले मी, बाबा?"

"न्हाई पोरी. तेच आपलं. पुलाचं."

"आणि पुढं?"

बाबा वाकळीची घडी घालायला लागले. घातलेलीच होती.

तिनं त्यांच्या हातातला फोन घेतला. सूचनेपुढे दोन मिनिटं चाळीस सेकंद दिसत होते.

ती वळली. व्हरांड्यात शेवटच्या पंगतीला बसलेल्या बाया ताटं तशीच ठेवून उठल्या होत्या. कुणाच्या फोनचा आवाज नव्हता. सगळ्यांनी पदर डोक्यावर घेतले होते.

एकेक करून त्या तिच्याजवळ आल्या आणि खाली बसल्या. गिरिजामावशींनी तिचा हात धरून तिलाही बसवलं.

"मावशी, अहो खिचडी निवतेय. उठून काय आलात सगळ्या?"

"तूच बोलवलंस ना, बाई. म्हणलीस, समद्या माझ्यापाशी येऊन बसा."

"अजून काय म्हणलं मी? ह्यांचं काही म्हणलं?"

मावशींनी तिचा हात आणखी घट्ट धरला.

"मावशी, मी विचारतेय. सांगा ना."

"न्हाई बाई," मावशी रडायला लागल्या. "तूच म्हणलीस, मी विचारलं तरी सांगू नका."