वेखंडाचा काठ

गेरूवाडी हे नाव भार्गव खानविलकरने ठेवलं होतं. कागदोपत्री ती 'मंगळवस्ती क्रमांक तीन'. पण काचघुमटाबाहेर जिकडे बघावं तिकडे गेरू फासल्यासारखी जमीन, मग दुसरं काय म्हणायचं, असं तो म्हणे. नाव ठेवणारा गेला, नाव तेवढं राहिलं.

घुमटाच्या मधोमध एक तळं होतं, चांगलं दहा पावलं लांब. त्याच्या काठावर शर्वरी खानविलकर सकाळपासून गुडघे मुडपून बसली होती. ती वस्तीची वनस्पतितज्ज्ञ. पुढ्यात रोपांचे तीन ट्रे होते. एकात हायड्रिला, एकात पाणशेवाळ आणि एकात ब्राह्मी. हातात कोयता होता. एवढ्या वेळात तिने एक पानही कापलं नव्हतं.

"वहिनी, आज तरी ठरवायला हवं," मागून रशीद मुल्ला म्हणाला. तो वस्तीची हवा सांभाळायचा. भार्गवचा जिवलग दोस्त, म्हणून ही त्याची वहिनी. "तीन आठवड्यांनी यान येतंय. डॉक्टरीणबाई आल्या की आपण अकरा होणार. प्राणयंत्र दहा माणसांपुरतं आहे. अकराव्याचा श्वास ह्या तळ्यातून यायला हवा."

"माहीत आहे."

"तळं सध्या काहीच देत नाही. का, ते तुम्हीच मला शिकवलंत."

शर्वरीने मान वर केली नाही. तिनेच शिकवलं होतं. वाढणारं झाड प्राणवायू देतं, कारण हवेतला कार्बन ते आपल्या अंगात भरतं. वाढ थांबलेलं झाड दिवसा देतं तेवढं दिवे मालवल्यावर परत घेतं, आणि कुजणारं पान तर नुसतं घेतच सुटतं. म्हणून वस्तीचा नियम होता. पाण्याखालची हायड्रिला आणि शेवाळ म्हणजे प्राणवनस्पती, त्या भराभर वाढवायच्या. काठवनस्पती मोजक्या ठेवायच्या, माती धरण्यापुरत्या. दर आठवड्याला वाढ कापायची, जुड्या बांधायच्या आणि घुमटाबाहेर थंडीत टाकायच्या. तिथे काही कुजत नाही.

आठ महिने तिने काही कापलं नव्हतं. काठावरचं वेखंड माजून पार मध्यापर्यंत आलं होतं. खाली सावलीत हायड्रिला पिवळी पडून मरत होती. नवख्या माळ्यानेही केली नसती अशी चूक, आणि करणारी कोण, तर वस्तीतली एकमेव वनस्पतितज्ज्ञ.

"आठ महिने कुणाला कळलं कसं नाही?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

रशीद म्हणाला, "भार्गवच्या वाटची हवा शिल्लक पडत होती."

आठ महिन्यांपूर्वी भार्गव दुरुस्तीसाठी बाहेर गेला आणि पायाखालची जमीन खचली. शोधायला गेलेल्यांना दोरी मिळाली, तो मिळाला नाही. अग्नी द्यायला काही नव्हतं, पुरायलाही नव्हतं. शर्वरीकडे उरलं ते एवढं वेखंड. लेकीच्या, ओवीच्या, जन्माआधी त्यानेच ते लावलं होतं. बाळंतघरात वेखंड नाही म्हणजे काय, मंगळ असला म्हणून काय झालं, असं म्हणून त्याने ह्या एका गड्ड्यासाठी पृथ्वीवर सहा अर्ज धाडले होते.

पण ती वेखंडाला जपत होती ते केवळ आठवण म्हणून नव्हे. त्यामागे एक प्रयोग होता. बंद घुमटात एका माणसाचा श्वास कुठवर जातो हे बघायला दोन वर्षं भार्गवच्या एकट्याच्या जेवणात जड कार्बन मिसळला जात होता. वस्तीतली माणसं खायची ते पृथ्वीवरून आलेलं, तळं फक्त हवेपुरतं. त्यामुळे ही कार्बनखूण भार्गवच्या ताटातून त्याच्या अंगात, अंगातून श्वासात आणि श्वासातून तळ्यातल्या रोपांत जायची. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी शर्वरीने वेखंडाचा तुकडा खूणमापकात घातला होता. आकडा आला चाळीस. त्याचा श्वास त्या गड्ड्यात घट्ट बसला होता. त्या दिवसापासून तिने कोयता टांगून ठेवला.

"एक तुकडा घेते," ती म्हणाली. "आकडा बघते. मग कापते सगळं."

रशीदने खूणमापक आणलं. तिने गड्ड्याची चकती कापली, वास घेतला आणि यंत्रात ठेवली.

आकडा आला शून्य.

तिने दुसरी चकती घातली, मग मुळाचा तुकडा, मग पान. सगळीकडे शून्य.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

रशीदला तसं वाटत नव्हतं. तो हळू आवाजात बोलला. "वहिनी, गड्डा म्हणजे काही तिजोरी नव्हे. साठा नव्या पानांना लागला, जुना भाग कुजला. त्यातला कार्बन हवेत गेला, आपल्या सगळ्यांच्या श्वासांत मिसळला आणि विरळ होऊन गेला. बाहेर टाकलेल्या जुड्यांत मात्र अजून चाळीसच असेल."

"म्हणजे कापत राहिले असते तर..."

"हो."

तिचा हात वेखंडाच्या पानांवरून निसटला. आठ महिने आपण त्याला धरून बसलो आणि धरून ठेवण्यानेच तो गेला, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की रडूही आलं नाही.

"तरी यंत्र तपासू," रशीद म्हणाला. तिला काहीतरी काम हवं हे त्याने ओळखलं होतं. "खूण नसलेला एक नमुना घालू. शून्य आलं पाहिजे." त्याने स्वतःचा एक केस उपटून घातला. शून्य. "आणखी एक?"

तळ्याच्या पलीकडे ओवी फणीशी खेळत बसली होती. सहा वर्षांची पोर, केस पाठीवर लांब. शर्वरीने फणीतून एक केस ओढला आणि त्याचं टोक यंत्रात ठेवलं.

आकडा आला दोनशे दहा.

"हवेतून एवढी खूण येणं शक्यच नाही," रशीद म्हणाला. "ही ताटातली आहे."

शर्वरीला आठवलं. प्रयोगाला सहा महिने झाले असतील. भार्गवने आपल्या ताटातला एक घास ओवीला भरवला आणि ती त्याच्यावर कडाडली. प्रयोगाच्या नोंदी तिच्याकडे होत्या. 'प्रयोगाचं वाटोळं करतोस. जमत नसेल तर एकटा जेवत जा.' तो म्हणाला, 'बरं बाई.' दुसऱ्या दिवसापासून तो ताट घेऊन तळ्याकाठी जाऊ लागला, आणि शेवटपर्यंत, दीड वर्ष, तिथेच जेवला. तो रुसलाय असं ती समजली. रुसू दे, आपण का माघार घ्यायची, असं म्हणत तीही आत एकटी जेवत राहिली. त्याची समजूत काढायला उद्याचा दिवस आहेच, असं रोज वाटायचं.

"केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो," ती म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक झाला होता. "आणि एकदा वाढला की त्यातलं काही परत जात नाही."

तिने ओवीला बोलावलं, एक लांब केस मुळाशी कापून घेतला आणि त्याचे सेंटिमीटरचे तुकडे करून मुळाकडून एकेक यंत्रात घातले. पहिल्या आठ तुकड्यांत शून्य. ते भार्गव गेल्यानंतरचे महिने. नवव्या तुकड्याला आकडा एकदम दोनशेवर गेला. दहाव्याला तेवढाच, अकराव्यालाही. ती कडाडली तो दिवस सव्विसाव्या सेंटिमीटरवर यायचा. त्या दिवसानंतर खूण थांबायला हवी होती, ती थांबली नव्हती. नवव्यापासून टोकापर्यंत ती अखंड होती.

"ओवी," तिने विचारलं, "बाबा तुला भरवायचे?"

ओवीने रशीदकाकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पहिला घास माझा असायचा. आणि शेवटचा. आईला सांगायचं नाही म्हणाले होते."

"मी रागावेन म्हणून?"

"नाही. आई आकडे लिहिते ना, तिला खोटं लिहावं लागेल म्हणून."

शर्वरीला तेव्हा रडू फुटलं. रशीदने तोंड फिरवलं आणि खूणमापक उगीच पुसत राहिला.

मग तिने कोयता उचलला. सगळं वेखंड कापून रशीदच्या हातात जुड्या दिल्या. मध्यभागी हायड्रिला लावली, उथळात पाणशेवाळ, आणि काठाला ब्राह्मी, कारण ती लवकर पसरते आणि पाण्यावर सावली धरत नाही. वेखंडाचा एकच कोंभ तिने काठावर ठेवला, माती धरण्यापुरता. रोपणी योग्य झाली होती. डॉक्टरीणबाईंना श्वास मिळणार होता. ओवीच्या केसांत मात्र दर महिन्याला मुळाशी एकेक कोरा सेंटिमीटर वाढणार होता, आणि त्यावर कुठल्याही वनस्पतीचा इलाज नव्हता.

दुपारी ती आपलं ताट घेऊन तळ्याकाठी आली. भार्गव बसायचा त्या दगडावर बसली. ओवी शेजारी येऊन टेकली. शर्वरीने वरणभात कालवला, घास केला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

तोंड उघडण्याआधी ओवीने सवयीने मान वळवली आणि दाराकडे बघून घेतलं, आई येत नाही ना म्हणून.